पेरलं तरच टिकेल

एच.बी.-1 हा बाजरीचा पहिला संकरित वाण 1965 साली आला आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या खळ्यावर कधी नव्हती एवढी रास पडू लागली. पाठोपाठ एच.बी. मालिकेतले आणखी वाण आले. नावं वेगळी, नर वेगळा, पण मादी सगळ्यांची एकच : अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन इथे तयार झालेली 'टिफ्ट 23 ए'. सत्तरचं दशक उजाडलं आणि या बाजरीवर गोसावी पडला. पुस्तकात ज्याला केवडा म्हणतात त्या या रोगानं दाण्यांनी भरायच्या कणसांचे हिरव्या पानांचे झुपके करून टाकले. एक शेत गेलं की शेजारचंही जाई, कारण दोन्ही शेतांतल्या पिकाची आई एकच होती. देशाचं बाजरीचं उत्पादन धाडकन खाली आलं. पुढे रोगाला तोंड देणारे वाण उभे करताना पैदासकारांना पश्चिम आफ्रिकेतल्या आणि भारतातल्या देशी बाजरीचा आधार मिळाला. कुणीतरी ती कणसं गावोगाव फिरून गोळा केली होती, वाळवून, नाव-गाव लिहून ठेवली होती, म्हणून ती हाताशी होती.

पिकांची आणि चाऱ्याची विविधता बीजबँकांमध्ये जपण्याचं काम जगात गेली शंभर वर्षं चाललं आहे. ते का करायचं, हे बाजरीच्या या एका अनुभवावरून कळतं. पण हे काम किती पुरं झालं आहे, कुणाच्या उपयोगी पडतं आणि कुठे तोकडं पडतं, याची चर्चा आपल्याकडे क्वचित होते. बातमी येते ती बर्फातल्या तिजोरीची. माझ्या मते तिजोरी हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. बी जिवंत ठेवायचं तर ठरावीक काळानं ते पेरावंच लागतं. ते उपयोगी ठेवायचं तर त्याच्याबरोबरची माहिती जपावी लागते. आणि त्याचं चीज व्हायचं तर ते शेतकऱ्याकडे परत जाण्याची वाट मोकळी असावी लागते. या तिन्ही कसोट्यांवर धान्यपिकांची स्थिती जेमतेम आहे, आणि गवतांची तर फारच वाईट आहे.

लेनिनग्राडपासून स्वालबार्डपर्यंत

एखादं पीक माणसानं जिथे हजारो वर्षं पिकवलं, त्या प्रदेशात त्याची विविधता दाटीनं सापडते, हा विचार रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलॉव यांनी 1920च्या दशकात मांडला आणि त्याच्या मागोमाग ते स्वतः अफगाणिस्तान, इथिओपिया, लॅटिन अमेरिका असे हिंडले. 1940पर्यंत लेनिनग्राडच्या त्यांच्या संस्थेत सुमारे अडीच लाख नमुने जमले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांना अटक झाली. लायसेन्को या सत्तेच्या मर्जीतल्या कृषितज्ज्ञाच्या अशास्त्रीय मतांना विरोध केल्याची ती किंमत होती. जगाची उपासमार टळावी म्हणून बी गोळा करणारा हा माणूस 26 जानेवारी 1943 रोजी सारातोवच्या तुरुंगात उपासमारीनं गेला.

त्याच सुमाराला लेनिनग्राडला जर्मन सैन्याचा वेढा पडला होता. सप्टेंबर 1941 ते जानेवारी 1944 या काळात शहरात लाखो माणसं भुकेनं मेली. संस्थेच्या इमारतीत गहू, तांदूळ, वाटाणा, शेंगदाणा भरून ठेवलेला होता आणि त्याची राखण करणारी माणसं उपाशी होती. भाताचे तज्ज्ञ दिमित्री इव्हानोव्ह भाताच्या हजारो पुड्यांच्या सोबतीत गेले. भुईमुगाचे जाणकार अलेक्झांडर शुकिन कामाच्या टेबलापाशीच गेले. संग्रहातला दाणा कुणी तोंडात टाकला नाही. बीजसंग्रहाच्या कामाला नैतिक वजन आहे ते या माणसांमुळे, आणि या विषयावर लिहिणाऱ्यानं त्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मला वाटतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे काम अनेक देशांनी हाती घेतलं. अमेरिकेनं 1958 साली फोर्ट कॉलिन्सला राष्ट्रीय बीजसाठा उभारला. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं भाताचे लाखाच्या वर नमुने जमवले. हैदराबादजवळ पटणचेरूला 1972 साली इक्रिसॅट ही संस्था आली. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आणि भुईमूग, म्हणजे महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्याची जवळजवळ सगळी पिकं तिच्या जनुकपेढीत आहेत. दिल्लीत 1976 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे आज साडेचार लाखांहून अधिक नमुने आहेत. जगातल्या अगदी मोजक्या मोठ्या संग्रहांत त्याची गणना होते. त्याचं एक प्रादेशिक केंद्र अकोल्याला आहे. 2025-26च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दहा लाख नमुन्यांची दुसरी राष्ट्रीय जनुकपेढी उभारण्याची घोषणा झाली आहे.

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरची जागतिक बीजतिजोरी 26 फेब्रुवारी 2008 रोजी सुरू झाली. ती या सगळ्या बँकांच्या मागची राखीव बँक आहे. डोंगराच्या पोटात, कायम गोठलेल्या जमिनीत खोदलेल्या तिच्या दालनांत उणे 18 अंशांवर आज 13 लाखांहून अधिक नमुने आहेत. जो देश किंवा जी संस्था बी ठेवते, मालकी तिचीच राहते आणि पेटी उघडण्याचा अधिकारही तिचाच. जगभरची गोळाबेरीज अन्न व कृषी संघटनेनं 2010च्या अहवालात दिली होती : 1,750 संग्रह आणि त्यांत 74 लाख नमुने. पण त्यातले वेगळे, एकमेवाद्वितीय म्हणता येतील असे नमुने फक्त 25 ते 30 टक्के निघाले. बाकीच्या प्रती आहेत. नुकसान झालं तर प्रत कामाला येते हे खरं, पण 74 लाख हा आकडा ऐकून निर्धास्त होण्याचं कारण नाही.

एका नमुन्याचं जगणं

समजा, सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या वस्तीवरून रब्बी ज्वारीचा देशी वाण गोळा करायचा आहे. चांगला संग्राहक सर्वांत टपोरं कणीस उचलत नाही. शेताच्या सगळ्या भागांतून, पन्नास-शंभर ताटांवरून, लहान-मोठी कणसं मिळतील तशी घेतो, कारण त्याला त्या शेतातलं सगळं वैविध्य हवं असतं. मग तो टिपून घेतो : गाव, अक्षांश-रेखांश, जमीन भारी की मुरमाड, पेरणी कधी, आणि शेतकरी या ज्वारीला काय म्हणतो. ती गूळभेंडी म्हणून हुरड्याला ठेवलेली आहे, की दगडी म्हणून ओळखली जाते, की लाह्यांसाठी बांधाकडेला पेरलेली आहे, भाकरी कशी होते, कडबा जनावरं आवडीनं खातात का, हेही लिहून घ्यायचं असतं. ही नोंद नसेल तर बी पुढच्या पैदासकारासाठी मुकं असतं. जुन्या संग्रहांतल्या असंख्य पाकिटांवर आज वाणाचं नाव आणि देश याखेरीज काहीही नाही.

बँकेत आल्यावर बी साफ होतं आणि वाळवलं जातं. उन्हात किंवा भट्टीत नाही, तर सुमारे 15 अंश तापमानाच्या आणि अतिशय कोरड्या हवेच्या खोलीत, सावकाश, दाण्यातला ओलावा पाच-सहा टक्क्यांवर येईपर्यंत. दाण्याचा ओलावा एक टक्क्यानं कमी झाला किंवा तापमान पाचेक अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं, हा जेम्स हॅरिंग्टन यांचा ढोबळ ठोकताळा सगळ्या बँकांचा पाया आहे. मग उगवण तपासतात. सोयाबीन पेरायच्या आधी आपल्याकडे गोणपाटावर शंभर दाणे ठेवून पाहतात, तशीच ही तपासणी ओल्या कागदाच्या गुंडाळीत होते. 85 टक्के दाणे उगवले तर नमुना पास. त्यानंतर ॲल्युमिनियमच्या हवाबंद पाकिटात भरून तो उणे 18 अंशांच्या खोलीत जातो. त्याच नमुन्याचा दुसरा हिस्सा जरा कमी थंड खोलीत राहतो. मागणी आली की बी तिथून दिलं जातं.

इथे काम संपलं असं वाटतं, पण खरं काम इथून सुरू होतं. ठरावीक वर्षांनी पाकीट काढून उगवण पुन्हा तपासावी लागते. ती घसरली असेल, किंवा बी वाटून वाटून कमी झालं असेल, तर नमुना शेतात पेरून नवं बी घ्यावं लागतं. बाजरीचा परागकण वाऱ्यावर जातो, म्हणून प्रत्येक नमुन्याच्या कणसांना कागदी पिशव्या चढवायच्या. तुरीवर मधमाश्या येतात, म्हणून जाळीचे पिंजरे उभारायचे. नमुना दहा-वीस झाडांवरच निभावला तर त्यातलं काही वैविध्य वाटेतच गळतं, म्हणून झाडं पुरेशी ठेवायची. हजारो नमुन्यांसाठी हे सगळं करायला जमीन, मजूर, जाणकार माणसं आणि दरवर्षी खात्रीनं येणारा पैसा लागतो. इमारतीच्या उद्घाटनाला निधी मिळतो, पेरणीला मिळत नाही, ही जगभरच्या बँकांची जुनी अडचण आहे. कागदावर लाखो नमुने आणि थंड खोलीत मेलेलं बी, ही अवस्था यातूनच येते.

संग्रहांनी काय दिलं

1970च्या दशकात आशियातल्या भाताला 'ग्रासी स्टंट' या विषाणूनं पछाडलं. फिलिपिन्सच्या संस्थेत सहा हजारांवर नमुने तपासले गेले. प्रतिकारशक्ती मिळाली ती फक्त एका रानटी भातात, 1963 साली उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या 'निवारा' जातीच्या नमुन्यात. खाण्याच्या दृष्टीनं त्या भाताची किंमत शून्य होती. गुरदेव खुश यांच्या चमूनं त्याचा गुण उचलून 'आय.आर. 36' हा वाण 1976 साली दिला आणि पुढे तो एक कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर गेला.

ओडिशातल्या देशी भातातून निवडलेला 'एफ.आर. 13 ए' पुराच्या पाण्याखाली दोन आठवडे बुडून राहिला तरी पुन्हा उभा राहतो. त्यातलं 'सब 1 ए' हे जनुक 2006 साली ओळखलं गेलं आणि 2009मध्ये ते घातलेला 'स्वर्णा-सब 1' हा वाण शेतकऱ्यांच्या हाती आला. देशी वाण संग्रहात आल्यापासून त्याचा गुण कळून घरोघर पोचेपर्यंत कित्येक दशकं गेली. बँकेचा हिशेब वर्षाच्या ताळेबंदात बसत नाही तो यामुळेच.

खपली गव्हाची गोष्ट महाराष्ट्रानं अभिमानानं सांगावी अशी आहे. पुरणपोळीसाठी आणि खिरीसाठी आपण जपलेला हा गहू गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पोचला. स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी 1922 साली गव्हाच्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी बारा वाणांचा संच ठरवला, त्यात 'खपली' याच नावानं हा गहू होता. खोडावरच्या तांबेऱ्याला अडवणारी 'एस.आर. 13' आणि 'एस.आर. 14' ही जनुकं त्याच्यात आहेत. त्यांतलं पहिलं युगांडात उगम पावलेल्या 'यूजी 99' या घातक तांबेऱ्यावरही चालतं. सांगली-साताऱ्याकडच्या शेतकऱ्यांनी उत्पादन कमी येत असतानाही चवीखातर जो गहू सोडला नाही, तो जगाच्या गव्हाच्या कामी आला.

विदर्भातल्या लाखेच्या डाळीचं उदाहरण वेगळ्या जातीचं आहे. भाताच्या उभ्या पिकात ओलीवर फेकून येणारी, माणसाला डाळ आणि गुरांना चारा देणारी लाख दुष्काळातही हमखास येते. पण दीर्घकाळ तिच्यावरच पोट भरलं तर तिच्यातल्या 'ओडॅप' या द्रव्यानं पाय लुळे पडतात. त्यामुळे 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली. बंदीनं शेतकऱ्याचं पीक सुटलं नाही. उपाय निघाला तो विविधतेतूनच : कमी ओडॅपचे नमुने शोधून पैदासकारांनी 'रतन', 'प्रतीक', 'महातिवडा' असे वाण दिले.

गवताच्या वाट्याला काय

आतापर्यंतची उदाहरणं धान्याची आहेत, कारण यशाच्या गोष्टी धान्याच्याच आहेत. गाय, म्हैस, शेळी आणि मेंढी ज्याच्यावर जगतात त्या गवताची विविधता मात्र अजून सर्वांत कमी गोळा झाली आहे आणि सर्वांत वेगानं चालली आहे. 1973 साली दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी भारताच्या गवताळ आच्छादनाची पाच प्रकारांत मांडणी केली. त्यात दख्खनचं पठार पवन्या-मारवेल गटात येतं. पवन्या, मारवेल, शेडा, डोंगरी आणि अंजन ही या भागाची पोसणारी गवतं. धनगराला आणि गवळ्याला त्यांची पारख आहे. कोणतं गवत दुधाला चांगलं, कोणतं फुलोऱ्याआधीच कापायचं, कोणतं वाळलं तरी चालतं, हे तो बघून सांगतो.

ही गवतं जातात कशी? जनावर आधी गोड गवत खातं. पवन्या आणि मारवेल बी धरायच्या आत पुन्हा पुन्हा ओरबाडलं गेलं की त्याचं बी जमिनीत पडत नाही आणि ठोंबही मरतो. मग जागा घेते ती कुसळी. माळ लांबून हिरवाच दिसतो, पण त्याची प्रत उतरलेली असते. त्यात सरकारी नकाशांवर माळरानाची नोंद बहुतेक वेळा पडीक म्हणून असते. पडीक म्हटलं की तिथे झाडं लावायला, वसाहत करायला किंवा सौर प्रकल्प उभारायला कुणाची हरकत राहत नाही.

गवताचं बी बँकेत ठेवणंही ज्वारीइतकं सोपं नाही. एका ठोंबावर काही बी पिकून गळालेलं असतं तेव्हा काही अजून दुधात असतं. हातात येतो तो केसाळ, हलका भुसा, त्यातल्या पुष्कळ तुसांत दाणाच नसतो. ताजं बी काही महिने झोपलेलं राहतं, म्हणून उगवण तपासली तर मेलेलं आणि झोपलेलं यांतला फरक चटकन कळत नाही. आपल्याकडे मारवेल बहुधा ठोंबानं लावतात ते यामुळेच.

याहून मोठी अडचण गवताच्या जननात आहे. अंजन आणि मारवेल यांसारख्या अनेक गवतांत बियातला गर्भ फलनाशिवाय तयार होतो आणि रोप आईची हुबेहूब नक्कल असतं. मग विविधता एका शेतात सापडत नाही, ती एका माळापासून दुसऱ्या माळापर्यंत पसरलेली असते. ज्वारीच्या एका शेतातून शंभर कणसं घेतली तर पुष्कळ काही हाती येतं. अंजनाच्या एका माळावरून शंभर ठोंब घेतले तर कदाचित एकच प्रकार शंभर वेळा येईल. म्हणजे गवत गोळा करायला ठिकाणं खूप आणि वाटा लांबच्या लागतात. पैदासही अडते. अमेरिकेत टेक्सासमध्ये अंजनाचं फलनातून बी धरणारं एक दुर्मीळ झाड सापडलं, तेव्हाच नव्या वाणांची वाट उघडली. असं झाड कुठल्या माळावर आहे हे आधी सांगता येत नाही, म्हणून माळच शाबूत ठेवावा लागतो.

ज्या देशांची अर्थव्यवस्था चराईवर उभी आहे त्यांनी हे ओळखलं. न्यूझीलंडमध्ये पामर्स्टन नॉर्थला आणि ऑस्ट्रेलियात ॲडलेडला खास चाऱ्याच्या वनस्पतींच्या जनुकपेढ्या आहेत. तिथला अनुभवही आपल्या उपयोगाचा आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात 1940च्या दशकात मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. कारण निघालं ते भूमध्य सागराकडून आलेल्या एका घासाच्या लोकप्रिय वाणात : त्यातलं द्रव्य मेंढीच्या शरीरात संप्रेरकासारखं काम करत होतं. ते द्रव्य कमी असलेले नमुने शोधून नवे वाण आले तेव्हा कळप सावरले. हेक्टरी किती टन चारा, एवढं एकच माप लावून गवताची निवड केली तर काय होतं, याचा हा धडा. दुसरा धडा उलट बाजूचा आहे. अंजन आणि मारवेल ही आपल्या बाजूची गवतं तिकडे नेली गेली आणि अंजन ऑस्ट्रेलियाच्या मूळ रानात तणासारखं पसरलं. म्हणून बाहेरून चारा आणताना आपल्या माळावर आधी काय आहे ते पाहिलंच पाहिजे.

भारतात झाशीला 1962पासून भारतीय चराई व चारा संशोधन संस्था आहे, राहुरीच्या कृषी विद्यापीठात गवतांवर काम झालं आहे. पण चाऱ्याच्या टंचाईवर बोलताना आपण संकरित नेपियर, लसूणघास, बरसीम यांचीच नावं घेतो. ही पाणी पिणारी पिकं आहेत. ज्या मेंढपाळाकडे विहीर नाही त्याला ती उपयोगाची नाहीत. त्याचा आधार माळावरचं गवत आहे आणि त्याच गवताचं बी आपण सर्वांत कमी जपलं आहे.

बँक कुठे अपुरी पडते

काही वनस्पतींचं बी वाळवलं की मरतं. आंबा, फणस, नारळ आणि कोकम यांची कोय किंवा बी गोठवून ठेवता येत नाही. त्यांच्यासाठी बागच राखावी लागते. खाण्याच्या केळीला तर बीच नसतं. तिचे दीड हजारांहून अधिक प्रकार बेल्जियममधल्या लुव्हेन विद्यापीठात काचेच्या नळ्यांमध्ये रोपरूपात जपले जातात. काही ऊती द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर ठेवता येतात, पण ते खर्चाचं आणि प्रत्येक जातीगणिक वेगळं शास्त्र आहे. कोकणाच्या आणि गोव्याच्या बागांमधली विविधता टिकवायची तर ती बागेतच टिकवावी लागेल.

दुसरी अपुरेपणाची जागा म्हणजे माणसाची हिंसा आणि निसर्गाचा कोप. इराकमध्ये अबू घरीब इथला बीजसंग्रह 2003च्या युद्धात लुटला गेला. फिलिपिन्सच्या राष्ट्रीय जनुकपेढीत 2006 साली पुराचं पाणी शिरलं आणि 2012मध्ये तिला आग लागली. सुदानमध्ये वाद मदनीची जनुकपेढी अलीकडच्या यादवीत सापडली. सीरियातल्या अलेप्पोजवळच्या इकार्डा या संस्थेची कहाणी मात्र धीर देणारी आहे. कोरड्या प्रदेशातले गहू, जव, मसूर, हरभरा, लाख आणि चाऱ्याच्या शेंगवर्गीय वनस्पती तिच्याकडे होत्या. युद्ध जवळ आलं तेव्हा बहुतेक संग्रहाच्या प्रती स्वालबार्डला पोचलेल्या होत्या. 2015 साली त्या तिजोरीतून पहिल्यांदा बी बाहेर काढलं गेलं, सुमारे 38 हजार नमुने. ते लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरले गेले, त्यांचं नवं बी आलं आणि 2017पासून नव्या पाकिटांत ते स्वालबार्डला परतू लागलं. ही फेरी पूर्ण झाली ती शेतामुळे. तिजोरीनं वेळ मिळवून दिला, संग्रह पुन्हा उभा केला तो पेरणाऱ्या हातांनी.

तिसरी मर्यादा मूलभूत आहे. उणे 18 अंशांवर बी थांबतं, जग थांबत नाही. शेतातला वाण दरवर्षी नव्या किडीला, बदलत्या पावसाला तोंड देत थोडाथोडा बदलतो. 1975 साली गोठवलेली बाजरी 1975च्याच हवामानाची राहते. म्हणून बँक शेताची जागा घेऊ शकत नाही. दोन्ही हवीत आणि दोघांमध्ये ये-जा हवी.

बी कुणाचं

हजारो वर्षं बी कुणाचंच नव्हतं, किंवा सगळ्यांचं होतं. 1992च्या जैवविविधता करारानं ते त्या-त्या देशाच्या सार्वभौम अधिकारात आणलं. वनस्पती आनुवंशिक संसाधनांचा आंतरराष्ट्रीय करार 2001 साली ठरला आणि 2004पासून अमलात आला. त्यानं 64 पिकांसाठी सामाईक देवघेवीची पद्धत घातली. त्यात 35 अन्नपिकं आणि 29 चाऱ्याच्या वनस्पती आहेत. भुईमूग आणि सोयाबीन त्या यादीत नाहीत. सामाईक साठ्यातून बी घेऊन कंपनीनं नफा कमावला तर त्यातला वाटा मूळ शेतकऱ्यांपर्यंत पोचावा, हा कराराचा हेतू. तो कागदावर जेवढा स्पष्ट आहे तेवढा व्यवहारात उतरलेला नाही.

भारताच्या 2001च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला बी जपण्याचा, पेरण्याचा, बदलण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला. संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावानं विकता येत नाही, एवढीच मर्यादा. जगात असे कायदे फार थोडे आहेत. पण हक्क सांगायचा तर आपला वाण कोणता आणि कुठला, याची नोंद हवी. छत्तीसगडमध्ये डॉ. रा. ह. रिछारिया यांनी आयुष्य घालून भाताचे हजारो देशी वाण जमवले. रायपूरच्या विद्यापीठातल्या त्या संग्रहाबाबत 2002 साली एका बहुराष्ट्रीय कंपनीशी कराराची बोलणी झाल्याचं कळताच लोक रस्त्यावर आले आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. सार्वजनिक संग्रह लोकांचा आहे, हे त्या वेळी लोकांनीच ठासून सांगितलं.

गावातली बीजबँक

थंड खोली नसतानाही बी टिकतं, हे आपल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या दाखवलं आहे. चुलीच्या धुरात टांगलेली कणसं, राखेत कालवून मडक्यात ठेवलेला वाल, कडुनिंबाचा पाला घातलेली कणगी, या सगळ्यामागे तोच नियम आहे : कोरडं ठेवा, कीड लागू देऊ नका, दरवर्षी पेरा. हे काम प्रामुख्यानं बाईनं केलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा, भात आणि भाज्यांचं गावरान बी जमवलं, बायफ संस्थेच्या साथीनं त्याची बँक केली आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या बँकेत बी मागायला येणाऱ्याला ते कसं लावायचं, कशाबरोबर लावायचं, कसं शिजवायचं हेही मिळतं. हे ज्ञान बर्फातल्या पाकिटावर लिहिता येत नाही. तेलंगणात झहीराबादकडच्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी स्त्रियांनी भरडधान्यांचं असंच काम केलं आहे. ओडिशात देबल देब शेकडो देशी भात दरवर्षी पेरून जिवंत ठेवतात.

गावातल्या बँकेलाही मर्यादा आहेत. ती एखाद्या माणसाच्या जिद्दीवर चालते, एक दुष्काळ किंवा एक आजारपण तिला खिळखिळी करू शकतं. तिच्या प्रती सरकारी जनुकपेढीत असायला हव्यात, आणि सरकारी जनुकपेढीतल्या वाणांना तिच्यात जागा हवी. असं घडल्याची उदाहरणं आहेत. कंबोडियात ख्मेर रूज राजवटीच्या काळात देशी भात नष्ट झाला, तेव्हा फिलिपिन्सच्या संस्थेनं आपल्याकडे जपलेले सातशेहून अधिक कंबोडियन वाण त्या देशाला परत दिले. इथिओपियात डुरम गव्हाचे शेकडो देशी नमुने जनुकपेढीतून काढून शेतकऱ्यांपुढे पेरले गेले आणि त्यांच्या पसंतीनं निवडले गेले.

महाराष्ट्रानं काय करावं

राज्य सरकारनं एप्रिल 2022मध्ये महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला पाच वर्षांसाठी 172.39 कोटी रुपये मंजूर केले. त्याच्या सात विषयांमध्ये स्थानिक पीकवाण आहेत, तशीच गवताळ आणि चराऊ रानंही आहेत. देशात असं पाऊल पहिल्यांदाच पडलं. आता ते पुढे नेताना चार गोष्टी कराव्यात असं मला वाटतं.

पहिली, प्रत्येक संग्रहानं उगवणीची तपासणी आणि फेरपेरणी यांचा वार्षिक हिशेब जाहीर करावा. किती नमुने आहेत याहून किती जिवंत आहेत हा आकडा महत्त्वाचा. दुसरी, देशी वाणांची नोंद मराठीत आणि शेतकऱ्याच्या शब्दांत व्हावी, म्हणजे धडगावच्या मक्याचा किंवा जव्हारच्या भाताचा नमुना उद्या त्याच गावच्या नातवाला शोधता येईल. तिसरी, पवन्या आणि मारवेल अजून शिल्लक असलेली काही कुरणं निवडून तिथे बी पिकेपर्यंत चराई थांबवावी, मेंढपाळांना विश्वासात घेऊन आणि त्यांना त्या काळात दुसरा चारा देऊन. तेच माळ पुढे गवताच्या बियाण्याचे मळे होतील. चौथी, जनुकपेढीतलं बी मागणाऱ्या शेतकरी गटाला ते मिळण्याची सोपी पद्धत हवी. आज संशोधकाला अर्ज करता येतो, शेतकऱ्याला अर्ज कुठे करायचा हेच माहीत नसतं.

हवामान बदलतं आहे, पावसाचं गणित कोलमडतं आहे, आणि पुढची साथ कोणत्या पिकावर येईल हे कुणाला ठाऊक नाही. अशा वेळी विविधता हा एकच विमा आहे आणि त्याचा हप्ता दरवर्षीच्या पेरणीत भरावा लागतो. जनुक कोशाचा पैसा माळावरच्या गवतापर्यंत पोचतो का, बँकेतलं बी गावात परत येतं का, हे प्रश्न ग्रामसभेत, कृषी विद्यापीठांत आणि विधिमंडळात विचारले गेले पाहिजेत. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणं ही आपल्या पिढीची जबाबदारी आहे.